वस्तूंना जीव लावण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात वस्तूंचे डिझाइन शिकवते. वर्गात विद्यार्थी आकार, साहित्य आणि किंमत यांविषयी विचारतात. वर्गाबाहेर मात्र त्यांचे पालक, शेजारी आणि ओळखीचे लोक वेगळेच प्रश्न विचारतात. कोणाला बंद पडलेली स्कूटर भंगारात देववत नाही, कोणाची आई विरलेल्या चादरीवर हक्क सोडत नाही. बहुतेक जण हे सांगताना आवाज खाली आणतात. या विषयाबद्दल संकोच बाळगण्याचे काही कारण नाही असे मला मनापासून वाटते, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

प्रश्न : निर्जीव वस्तूवर माया जडणे स्वाभाविक आहे का?

होय. माणसाचे मन हालचालीमागे हेतू शोधते आणि हेतू दिसला की तेथे कोणीतरी आहे असे मानू लागते. 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चलचित्रफीत तयार केली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारे दार असलेला एक चौकोन यांखेरीज काहीही नव्हते. पाहणाऱ्यांना फक्त काय घडले ते लिहायला सांगितले, तेव्हा पहिल्या गटातील 34 जणांपैकी एक अपवाद वगळता सर्वांनी त्या आकृत्यांना सजीव मानून वर्णन केले. मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरते, अशा तऱ्हेने. पडद्यावरच्या आकृतीबाबत हे घडत असेल, तर रोज सकाळी खोकत खोकत सुरू होणाऱ्या दुचाकीबाबत ते घडणारच.

आपल्या घरांत तर ही गोष्ट कधी लपवली गेलेली नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात कपाळाला लावतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. पहाटे दळण दळताना बायका जात्याला देव म्हणून हाक मारत आणि नवऱ्याला किंवा सासूला जे सांगता येत नसे ते त्याला सांगत. जाते उत्तर देत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याची घरघर मात्र गाण्याच्या लयीला साथ देत होती, आणि त्या वेळी तेवढे पुरेसे होते.

प्रश्न : मग हा एक प्रकारचा भ्रम नव्हे काय?

भ्रम असलेल्या माणसाला वस्तू खरोखरच ऐकते असे वाटते. आपण ज्या नात्याविषयी बोलत आहोत त्यात माणसाला वस्तू वस्तूच आहे हे पूर्ण माहीत असते, आणि तरीही तो तिच्याशी नुसत्या वस्तूसारखे वागत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे यालाच मी खेळ म्हणते. अनेक घरांत बारशाच्या दिवशी वरवंट्याला कुंची घालून बाळासारखे सजवतात आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत तो पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हाती देतात. त्या वरवंट्यावर काल चटणी वाटली होती हे जमलेल्या प्रत्येकीला ठाऊक असते, पण कोणीही तो निष्काळजीपणे धरत नाही.

सोलापूरकरांना तर याहून मोठे उदाहरण शोधायला बाहेर जावे लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वर यात्रेचा, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेचा, मुख्य सोहळा हा एक विवाह आहे, आणि त्यातील वर ही एक वस्तू आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने व्यक्त केली, ते विरक्त असल्याने त्यांनी नकार दिला, आणि अखेर आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली, अशी कथा आहे. त्या विवाहाच्या स्मरणार्थ सात नंदीध्वज मिरवत येतात आणि सम्मती कट्ट्याजवळ हजारो लोक अक्षता टाकतात. नंदीध्वज पेलणे हे कसबाचे काम आहे. त्यासाठी यात्रेच्या आधी कित्येक दिवस सराव चालतो. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस तो उंच, जड ध्वज तोलत चालतो तेव्हा ध्वज कोणत्या बाजूला झुकणार हे त्याला डोळ्यांआधी कमरेला आणि तळव्यांना कळते. भक्ती, कसब आणि वस्तूचे वजन यांना तेथे वेगळे काढता येत नाही, आणि काढण्याची गरजही मला वाटत नाही.

प्रश्न : आमची आई तीस वर्षांपूर्वीची सोलापुरी चादर टाकू देत नाही. नवी आणून दिली तरी जुनीच पांघरते. असे का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

पहिले कारण मालकीचे आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग भेट दिले आणि थोड्याच वेळाने त्यांना ते विकण्याची संधी दिली. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी मागितलेली किंमत ही ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीने इतका फरक पडतो, तर तीस हिवाळ्यांनी किती पडेल याची कल्पना करावी.

दुसरे कारण त्या चादरीतच आहे, आणि डिझाइन शिकवणारी म्हणून मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. सोलापुरी चादर सुती असते. नवी असताना ती काहीशी राठ आणि जड वाटते. प्रत्येक धुण्यागणिक सूत मोकळे होत जाते आणि चादर अंगाला सरावते. तिची नक्षी कापडावर छापलेली नसते, ती विणीतच असते, त्यामुळे रंग फिका झाला तरी नक्षी पुसली जात नाही. एका बाजूला जो रंग नक्षीत दिसतो तो दुसऱ्या बाजूला जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागात, दिसतो, म्हणून तिला उलटी बाजू अशी नसतेच. वापराने खराब होणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. वापराने अधिक चांगली होत जाणारी वस्तू क्वचित सापडते, आणि तिला माणसे सहसा सोडत नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते नावाच्या आणि व्यापाराच्या रक्षणासाठी आवश्यकच होते. पण आपल्या आईच्या लेखी त्या चादरीचे मानांकन तिच्या मऊपणात आणि वासात आहे, आणि नव्या चादरीला ते मिळायला आणखी बराच काळ लागेल.

तेव्हा नवी चादर जरूर आणावी, पण जुनी काढून घेऊ नये. दोन्ही काही वर्षे एकत्र राहू द्याव्यात.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी एक मळके फडके सतत जवळ बाळगते आणि धुवायला घेतले तरी रडते. ही सवय मोडावी का?

मोडू नये. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने अशा वस्तूंविषयी 1951 साली निबंध वाचला आणि 1953 साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या मते मूल आईपासून स्वतःला वेगळे समजू लागते, त्या काळात असे फडके किंवा मऊ खेळणे मधल्या पुलाचे काम करते: ते पूर्णपणे आतलेही नसते आणि पूर्णपणे बाहेरचेही नसते. त्या वस्तूत मुलाने स्वतः केल्याखेरीज बदल होऊ नये, अगदी ती धुतलीही जाऊ नये, हे मुलाच्या दृष्टीने रास्त मागणे आहे, कारण वास बदलला की ती वस्तूच बदलते. स्वच्छतेची काळजी असेल तर मूल झोपल्यावर तिचा थोडाच भाग धुवावा. पुढे एक दिवस ती आपोआप मागे पडते. मूल तिच्यासाठी शोक करत नाही आणि तिला मुद्दाम टाकूनही देत नाही.

प्रश्न : डिझाइन करणारा माणूस अशी माया वस्तूत आधीच घालू शकतो का?

माया घालता येत नाही. तिच्यासाठी जागा मात्र ठेवता येते किंवा बुजवता येते.

डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने 2004 साली वस्तूविषयीच्या आपल्या भावनांचे तीन स्तर मांडले. पहिला स्तर पाहताक्षणीच्या ओढीचा, दुसरा वापरातल्या समाधानाचा, आणि तिसरा त्या वस्तूविषयी आपण मागाहून जो विचार करतो, जी आठवण सांगतो, त्याचा. कारखान्यात पहिल्या दोन स्तरांवर पुष्कळ काम करता येते. तिसरा स्तर घरात घडतो, आणि तो घडायला वेळ लागतो. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्याच स्तरावर अडकतात. वस्तू सुंदर दिसली की लोक तिच्यावर प्रेम करतील असे त्यांना वाटते.

माणसाचा हात लागला की काय होते, हे मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिली यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखवले. लोकांनी स्वतः जुळवलेली साधी खोकी किंवा घडी घालून केलेले कागदी पक्षी यांची त्यांना वाटणारी किंमत इतरांना वाटणाऱ्या किमतीहून बरीच जास्त होती. मात्र काम अर्धवट राहिले किंवा पूर्ण केलेली वस्तू मोडून टाकली, तर हा परिणाम उरत नव्हता. म्हणून माझे विद्यार्थ्यांना सांगणे असते की वापरणाऱ्यासाठी थोडे काम शिल्लक ठेवा, पण ते त्याला पूर्ण करता येईल एवढेच ठेवा. पितळेचा डबा घासल्यावर चमकतो. त्या चमकेत घासणाऱ्याचा वाटा असतो. प्लास्टिकचा डबा पहिल्या दिवशी सर्वांत चांगला असतो आणि त्यानंतर त्याच्यासाठी आपल्याला करता येण्यासारखे फारसे काही उरत नाही.

प्रश्न : खेळकर वस्तू म्हणजे रंगीबेरंगी, आवाज करणारी वस्तू का?

नव्हे. रंग आणि आवाज हे आमिष असते. खेळकरपणा वस्तूच्या प्रतिसादात असतो: आपण काही करावे, तिने थोडे अनपेक्षित उत्तर द्यावे, मग आपण आपली कृती बदलावी. भोवऱ्याला एक जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, आणि एक आर, म्हणजे खालचे टोकदार खिळ्यासारखे टोक, याखेरीज काही लागत नाही, पण प्रत्येक फेक वेगळी पडते आणि हात महिनोन्महिने शिकत राहतो. लाकडी ठकीच्या चेहऱ्यावर रंगवलेले डोळे कायम उघडे असतात, तरी मूल तिला झोपवते, रागावते, जेवू घालते. ती रडते आहे की हसते आहे हे मूल ठरवते. गड्ड्यावर मिळणारी बॅटरीची बाहुली चार वाक्ये बोलते आणि ती चारच वाक्ये बोलते. पाचवे वाक्य रचण्याची मुलाची इच्छा तिच्यामुळे मावळते. पालकांनी खेळणे घेताना ते स्वतःहून काय काय करते हे विचारण्यापेक्षा ते मुलाला काय काय करू देते हे पाहावे.

प्रश्न : संगणकावर किंवा पंख्यावर ओरडणे चांगले की वाईट?

थकलेल्या माणसाने पंख्यावर ओरडणे हे घरातल्या माणसांवर ओरडण्यापेक्षा बरे. पण तीच तीच वस्तू रोज चीड आणत असेल तर दोष तिच्या रचनेत असण्याचा संभव मोठा आहे. स्वतःला अडाणी समजू नये.

प्रश्न : यंत्रमाग तर सारखेच असतात. त्यांच्याशी कोणाचे काय नाते असणार?

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेले. वडील मागावर काम करत. शेजारी बहुतेक पद्मशाली कुटुंबे होती आणि घराघरांतून तेलुगू व मराठी एकाच वाक्यात बोलली जाई. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेले दोन माग शेजारी शेजारी चालत, पण वडील म्हणत की डावा मनासारखा आहे आणि उजव्याला सांभाळून घ्यावे लागते. ते पाठमोरे उभे असतानाही कोणत्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, नीट बसत नाही हे त्यांना आवाजावरून कळे. जेवायला घरी आले की पहिली काही मिनिटे ते मोठ्याने बोलत, कारण कानात माग चालूच असे. हे नाते केवळ गोड होते असे मी म्हणणार नाही. त्या आवाजाने त्यांचे कान गेले, सुताच्या कणांनी खोकला जडला. तरीही खंडेनवमीला माग धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, नारळ फोडल्यावर ते त्याच्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

ज्या वस्तूबरोबर माणूस काम करतो, तिच्याशी त्याचे नाते हे शोभेच्या वस्तूशी असलेल्या नात्याहून निराळे असते. त्यात राग असतो, भीती असते, भरवसा असतो आणि एक प्रकारची भागीदारी असते. चादरीवरची नक्षी उमटवणाऱ्या जकार्ड यंत्रणेचे उदाहरण घ्यावे. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच विणकराने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलण्याची ही पद्धत बसवली. प्रत्येक पुठ्ठा बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेरीसाठी कोणते धागे वर जातील हे ठरवतो. म्हणजे मोराचा पिसारा आधी भोकांच्या रूपात असतो. लहानपणी मी ते टाकाऊ पुठ्ठे डोळ्यांना लावून त्यांच्या भोकांतून उन्हाकडे पाहत असे. मी पुढे डिझाइनकडे वळले, त्याची सुरुवात बहुधा तेथेच झाली असावी.

प्रश्न : यंत्रकुत्रा, आभासी पाळीव प्राणी यांवर लोक खरेच जीव लावतात का?

लावतात, आणि त्याचे परिणाम खरे असतात. 1996 साली जपानमध्ये तामागोची हे अंड्याच्या आकाराचे खेळणे आले. त्यातील प्राण्याला वेळेवर खाऊ घातले नाही, स्वच्छ ठेवले नाही, तर तो मरत असे, आणि मुले शाळेत असताना त्याची काळजी घेण्याचे काम आईवडिलांवर येत असे. आपली गरज कोणाला तरी आहे, ही भावना किती लवकर निर्माण करता येते हे त्या छोट्याशा पडद्याने दाखवून दिले.

1999 साली सोनी कंपनीने आयबो हा यंत्रकुत्रा विकायला काढला. जपानमधील पहिले 3000 नग सुमारे वीस मिनिटांत संपले. 2006 साली उत्पादन थांबले आणि 2014 साली कंपनीने दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर जुने तंत्रज्ञ आपल्या परीने ते दुरुस्त करू लागले, पण सुटे भाग बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोतूनच काढावे लागत. तेव्हा 2015 पासून चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात अशा आयबोंसाठी विधिपूर्वक प्रार्थना होऊ लागल्या, आणि निरोप दिल्यावरच त्यांचे भाग इतरांसाठी वापरले जाऊ लागले. मला या हकिकतीत विचित्र असे काही दिसत नाही. वस्तू बनवणाऱ्याने आपली जबाबदारी संपली असे जाहीर केले, आणि वापरणाऱ्यांनी ती स्वतः उचलली.

प्रश्न : आजोबा दिवसभर मोबाइलमधल्या बोलणाऱ्या सहायकाशी गप्पा मारतात. काळजी करावी का?

थोडी करावी. 1966 साली संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाची संगणक आज्ञावली प्रसिद्ध केली. ती समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करत असे. समजत तिला काहीच नव्हते. तरीही वायझेनबॉम यांच्या स्वतःच्या सचिव महिलेने, एलायझाशी बोलताना, त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. पुढील आयुष्यात वायझेनबॉम या गोष्टीमुळे अस्वस्थ राहिले आणि त्यांनी यंत्रांविषयी सावधगिरीचा इशारा दिला.

जात्याशी बोलणारी बाई आणि यंत्राशी बोलणारे आजोबा यांत मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. जाते काहीही बोलत नव्हते, त्यामुळे बोलणारीचे शब्द तिचेच राहत, आणि शेजारच्या जावेच्या कानी पडून तिच्याही ओवीत जात. बोलणारे यंत्र उत्तर देते, ते उत्तर दुसऱ्या कोणीतरी घडवलेले असते, आणि ते आपले म्हणणे कोठे साठवते हे आजोबांना दिसत नाही. त्यांच्या हातून मोबाइल काढून घेऊ नये. त्यांनी त्याला काय विचारले हे संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारावे. बऱ्याचदा तो प्रश्न आपल्यासाठीच असतो.

प्रश्न : वस्तू टाकवत नाहीत हा आजार आहे का?

क्वचित असतो. अमेरिकेतील मनोविकार वर्गीकरणाच्या 2013 सालच्या आवृत्तीत अतिसंचय हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला गेला. टाकण्याच्या विचारानेच तीव्र क्लेश होत असतील आणि सामानामुळे घरात झोपायला, स्वयंपाकाला किंवा चालायला जागा उरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कपाटात एक चादर आणि एक बंद घड्याळ असणे हा आजार नव्हे.

प्रश्न : दुरुस्ती आणि माया यांचा काय संबंध?

अतिशय जवळचा. दुरुस्त केलेली वस्तू आपली अधिक होते, कारण तिच्यावर आपण एक निर्णय घेतलेला असतो. आमच्या घरचा मिक्सर सतरा वर्षांनी बंद पडला, तेव्हा सेवा केंद्राने तो उघडूनही न पाहता नवा घ्या असे सांगितले. शेवटी गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराने त्याची मोटर पुन्हा गुंडाळून दिली. आता त्याचा आवाज बदलला आहे आणि आई तो लावताना प्रत्येक वेळी त्या कारागिराची आठवण काढते. स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेली वस्तू अशी आठवण होण्याची शक्यताच नाकारते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 साली समिती नेमली, ही चांगली सुरुवात आहे; पण वस्तू उघडता येईल की नाही हे अखेर आराखड्याच्या कागदावरच ठरते, आणि म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक आराखड्यात ती कोठून उघडेल हे आधी दाखवायला लावते.

प्रश्न : जुन्या वस्तूला निरोप कसा द्यावा?

आपल्याकडे याची रीत आहे. मातीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, दिवस भरले की उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते, आणि मग विसर्जन. आधी नाते उलगडायचे, मग वस्तू सोडायची, हा क्रम फार विचारपूर्वक ठरवलेला आहे. जपानमध्ये हारी कुयो नावाच्या विधीत शिवणकाम करणारे लोक तुटलेल्या सुया टोफूसारख्या मऊ पदार्थात टोचून ठेवतात, कारण त्यांनी आयुष्यभर कठीण कापड टोचले आणि आता त्यांना विसावा मिळावा.

घरातल्या वस्तूसाठी एवढा विधी नको असेल तरी तिला एकदा स्वच्छ पुसावे, घरातल्यांना तिच्याविषयी जे सांगायचे असेल ते सांगू द्यावे, आणि शक्य असेल तर तिचा एखादा तुकडा कामात ठेवावा. वडील गेल्यावर त्यांची चादर आईने चार भागांत कापली. दोन भागांची गोधडी झाली, एक भाग भाचीच्या पाळण्यात अंथरला, आणि चौथा आमच्या टेबलावर आहे. त्यावर वडिलांचा धोटा ठेवला आहे, ज्याची एक बाजू त्यांच्या अंगठ्याने झिजली आहे. विद्यार्थी तो हातात घेतात तेव्हा त्यांचा अंगठा नेमका त्याच खळग्यात जाऊन बसतो.